लाडकीचं वर्ष

रामकिसन बोराडे हा काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर सांगायला गेलं तर कुणी ऐकून घ्यायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात तो जालन्याकडून बापाबरोबर बोईसरला आला. बाप कारखान्यांच्या शेडी बांधायच्या कामावर लागला, पण पोराला सिमेंटच्या धुळीनं धाप लागायची. मग कुणाच्या तरी ओळखीनं तो पालघरला स्टेशनजवळच्या दातांच्या दवाखान्यात झाडलोटीला राहिला. डॉक्टर पाध्ये तोंडाचे फटकळ, पण शिकवायची भारी हौस. सत्त्याहत्तर साली त्यांनी दातांचं एक्स-रे मशीन घेतलं आणि सहा महिन्यांत झाडूवाला रामकिसन 'फोटोवाला दादा' झाला. पेशंटच्या तोंडात बोटभर फिल्म धरायची, मशीनची नळी गालाला लावायची, बटण दाबायचं, मग मागच्या काळोख्या खोलीत जाऊन फिल्म औषधात धुवायची आणि दोरीवर चिमट्याला वाळत टाकायची. बोईसरजवळच्या सालवडच्या चाळीत तो राहायचा, तिथे त्याच्याएवढ्या वयाच्या कुणाला असलं काम नव्हतं. बायको नर्मदा शेजारणींना सांगायची, आमचे हे हाडाच्या आतलं बघतात.

बोईसरला कारखाने वाढत चालले तशी डोंगराकडच्या पाड्यांवरची पोरं कामाला यायला लागली. कारखानदार विचारी, वय काय? पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. जन्माची नोंद कुणाकडेच नव्हती. जी आश्रमशाळेत गेली होती त्यांची होती, पण ती हेडमास्तरांच्या कृपेची. नाव घालताना मास्तर पोराकडे एक नजर टाकायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून. त्यामुळे अडलं की लोक पाध्यांकडे यायचे, दातांवरून वय काढायला.

पाध्यांनी रामकिसनला ते गणित समजावून दिलं होतं. दुसऱ्या दाढेचं मूळ बघायचं. पोर वाढीला असेल तर मुळाचं टोक उघडं दिसतं, नळीसारखं. वाढ होत आली की ते मिटत जातं. मागे अक्कलदाढ असते, तिचा नुसता माथा दिसला तर तेरा-चौदा, खाली मुळं फुटून अर्ध्यावर आली तर सतरा-अठरा. डॉक्टर नेहमी वर म्हणायचे, "वर्ष-दीड वर्ष इकडंतिकडं धरायचं हो, ही काही देवाची वही नाही." रामकिसनच्या डोक्यात पहिलं सगळं राहिलं आणि हे शेवटचं वाक्य तेवढं राहिलं नाही.

त्याला एक खोड लागली. पाड्यावरच्या बायका पोराबरोबर यायच्या, त्यांच्या परीनं वय सांगायला बघायच्या, की हा झाला तेव्हा अमक्याची म्हैस वाहून गेली, तमक्या टेकडीला वणवा लागला. रामकिसन हात वर करून म्हणायचा, "बाई, तुम्ही आता बोलायचं नाही. आता दात बोलतील." बसलेले पेशंट हसायचे. डॉक्टरसुद्धा एकदा हसले होते, आणि तेव्हापासून तर हे वाक्य त्याच्या तोंडी कायमचं बसलं.

दुसरी खोड याहून वाईट. फिल्म धुताना चिमट्याला नंबराची चिठ्ठी लावायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रामकिसन महिनाभर लावत होता, मग सोडून दिलं. ओल्या हातानं चिठ्ठ्या फाटतात, आणि आपल्याला काय गरज? "मी दात चेहऱ्यानं ओळखतो," असं तो म्हणायचा. सहा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, त्यामुळे कुणाला बोलायला जागा नव्हती.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात मनोरच्या रस्त्याला आत असलेल्या एका आश्रमशाळेचे हेडमास्तर एका मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव भागी. थोराड हाडाची, लांब पायांची, अनवाणी. ती सोळा वर्षांखालच्या मुलींत आठशे मीटर पळण्यात ठाणे जिल्ह्यात पहिली आली होती. नाशिकला खेळाडू मुलींच्या सरकारी वसतिगृहात तिची जागा ठरली होती. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शिक्षण. पण दुसऱ्या एका शाळेनं हरकत घेतली होती, की या शाळेतली झाडून सगळी पोरं एक जूनला कशी जन्मतात, ही मुलगी वयानं जास्त आहे. क्रीडा अधिकाऱ्यानं सांगितलं, दातांचा दाखला आणा. दाखला उलटा गेला तर मुलगी बाद, आणि शाळेला तीन वर्षं बंदी.

हेडमास्तर घामाघूम झाले होते. मुलीबरोबर तिची आई बायडी आली होती, गुडघ्यावर नेसलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. रामकिसननं भागीच्या तोंडात फिल्म धरली तशी बायडी खुर्चीमागून पुढे आली.

"दादा, आयका ना. ते समिंदराकडचे दिवे लागले, त्या साली..."

"बाई," रामकिसननं हात वर केला, "तुम्ही आता बोलायचं नाही. आता दात बोलतील."

हेडमास्तर हसले. बायडी मागे सरली आणि पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकली.

त्याच तासात सालवडची झुंबर आली होती. रामकिसनच्याच चाळीतली, पॅकिंगच्या कारखान्यात जाणारी, अठरा वर्षांची. अक्कलदाढेनं गाल सुजला होता. तिचाही फोटो काढला. दोन्ही फिल्मा त्यानं एकदमच धुतल्या, शेजारीशेजारी चिमट्याला अडकवल्या, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली म्हणून बाहेर जाऊन आला. परत आला, एक फिल्म काढली, डॉक्टरांपुढे धरली आणि म्हणाला, "आश्रमशाळेची मुलगी."

डॉक्टरांच्या समोर एक पेशंट आ वासून बसला होता. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. "दुसरी दाढ पूर्ण मिटलीय. अक्कलदाढेचं मूळ अर्ध्याच्या खाली. सतरा तर पूर्ण, अठराला टेकलीय म्हण. उद्या सकाळी दाखला न्या, मास्तर."

हेडमास्तर बाकावर बसले. भागीला काहीच कळलं नाही. ती भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत उभी होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास रामकिसननं झुंबरची फिल्म उजेडाला धरली आणि ती उलटसुलट करून पुन्हा बघितली. दुसऱ्या दाढेच्या मुळाची टोकं उघडी होती, नळीसारखी. मागे अक्कलदाढेचा नुसता माथा, हाडात खोल. गाल सुजलेल्या अठरा वर्षांच्या बाईची ही दाढ असणं शक्यच नव्हतं. हे तोंड तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचं होतं. चेहऱ्यानं दात ओळखणाऱ्या माणसानं दोन तोंडं उलटीपालटी केली होती.

आता बघा, यात जीव जाण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टर आतच होते, हात धूत होते. दाखला अजून लिहायचा होता. पाच पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, साहेब, चूक झाली. डॉक्टर दोन शिव्या घालतील, उद्यापासून नंबर लाव म्हणतील, संपलं. रामकिसन दारापर्यंत गेलाही. पण दोनच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मुंबईहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "हा माझा रामकिसन, याच्या हातून फिल्म बदलली असं सहा वर्षांत झालं नाही." ते वाक्य त्याच्या अंगावर अजून ताजं होतं. त्याची जीभ रेटेना. उद्या सकाळी बोलू म्हणून त्यानं भागीची फिल्म शर्टाच्या खिशात घातली. झुंबरला चाळीत जाऊन सांगितलं, तुझी फिल्म खराब झाली, उद्या परत ये.

सकाळी हेडमास्तर दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. डॉक्टर आले, दाखला लिहिला, सही केली. रामकिसननं त्यावर शिक्का मारला. शिक्का मारायचं काम त्याचं होतं. शाई सारखी लागली नाही म्हणून त्यानं तो दुसऱ्यांदा मारला, हे त्याला जन्मभर आठवायचं. बंद केलं तोंड ते केलंच.

पंधरा दिवसांनी बायडी एकटीच आली. दुपारची वेळ होती, डॉक्टर जेवायला गेले होते. तिनं पिशवीतून करांदे, रानातले उकडलेले कंद, काढून टेबलावर ठेवले आणि हात जोडले.

"दादा, रागावू नका. मास्तर सगल्यांपुढं बोलला, तू खोटी बाय, पोरीचं वय चोरलं. मी चोरलं नाय, दादा. माझं डोकं फिरलं असंल. तुमचा फोटो हाडातला बघतो, तो कशाला खोटा सांगंल?"

रामकिसननं करांदे टेबलाच्या कडेला सारले.

"पन येक इचारू?" बायडी म्हणाली. "भागीच्या आगुदर मना येक पोर झालेली. लाडकी. दीड वरसाची व्हऊन तापात गेली. तिच्या जल्माच्या मागनं तीन वरसांनी भागी. आता भागी सतरा-अठराची, तर त्या साली तर लाडकी झालेली ना? मंग लाडकी कवा झाली? मास्तर बोलतो, तुला पोर येकच झाली असंल, तू दोन समजतेस."

तिला उत्तर हवं होतं. हाडातलं बघणाऱ्या माणसाकडे ती ते मागायला बारा मैल चालून आली होती. फिल्म त्या क्षणी रामकिसनच्या घरी पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या धोतराखाली पाकिटात होती. तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार, बाई." बायडीनं मान हलवली. म्हणजे यंत्रालाही एवढंच दिसतं, असं तिला वाटलं असावं. करांदे ठेवून ती गेली. ते त्यानं घरी नेले, बाजारातून आणले म्हणून सांगितलं, आणि नर्मदेनं वाढले तेव्हा आपले तिच्याच ताटात सरकवले.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. पाड्यावरचा एखादा पेशंट आला की तो आडून आडून विचारायचा, आणि उत्तर ऐकून विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला व्हायचं. शाळेनं भागीचं नाव काढलं. सतरा-अठराची पोरगी आठवीत कशी बसवायची? नाशिकची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. गावानं बायडीला बोल लावला, की घोडी झालेली पोर चौदाची म्हणून घरात ठेवली. त्याच वैशाखात भागीचं लग्न लागलं. हे ऐकलं त्या दिवशी रामकिसन काळोख्या खोलीत शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. डॉक्टरांना वाटलं, फिल्मा धुतोय.

त्या दिवसापासून तो नंबर लावायला लागला. मोठ्या अक्षरात, दोनदा. 'दात बोलतील' हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. वयाचा दाखला मागायला कुणी आलं की तो काही ना काही निमित्त काढून बाहेर जायचा. डॉक्टर म्हणायचे, रामकिसन आता शहाणा झाला. ती शाबासकी त्याला चपराकीसारखी लागायची. एकदा पेटी आवरताना नर्मदेनं पाकीट उघडलं.

"अहो, हा कुणाचा दात हो?"

"कुणाचा नाही. ठेव तिथंच."

"कुणाचा नाही तर जपून कशाला ठेवलाय?"

त्यानं तिच्या हातातून पाकीट ओढून घेतलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, तो तिच्याशी असं वागला नव्हता. नंतर त्यानं तिची समजूतही काढली नाही.

एक्क्याण्णव सालच्या थंडीत एक बाई दवाखान्यात आली. गाल धरलेला, कडेवर एक तान्हं, बोटाला सहा-सात वर्षांची मुलगी. नवीन पेशंटचं कार्ड रामकिसनच भरायचा. खाली मान घालूनच त्यानं विचारलं, "नाव?"

"भागी."

त्यानं नाव लिहिलं. वर बघायचा धीर झाला नाही.

"वय?"

"पंचवीस," ती म्हणाली, आणि जरा हसली. "तुमीच तर काढलेलं, दादा. इसरले?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच वाईट होतं. ज्या विश्वासानं माणूस आपल्या बापाचं नाव सांगतो, त्या विश्वासानं ती ते वय सांगत होती. पोरीनं आठ वर्षं ही तीन-चार जास्तीची वर्षं अंगावर वागवली होती. त्यानं वयाची जागा कोरी सोडली. "आई कशी आहे?" एवढंच विचारलं.

"हाय ना. माझा नवरा ईटभट्टीवर जातो, आमी आयेकडंच रातो आता."

रविवारी सकाळी तो मनोरच्या एसटीत बसला. नर्मदेला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आठ वर्षं?" आणि निवडायचे तांदूळ पुढ्यात ओढले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

नाक्यावर उतरून तो तासभर चालला. पाडा डोंगराच्या अंगाला, पंधरा-वीस झोपड्यांचा. बायडी अंगणात बसली होती, केस पांढरे झालेले. भागी सुपात भात पाखडत होती. फोटोवाला दादा आलेला बघून दोघींची धांदल उडाली. कुणीतरी बसायला पाट आणला. तो पाटावर बसला नाही. जमिनीवर बसला आणि खिशातून पाकीट काढलं.

वाटेत त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एक आठवेना. त्यानं फिल्म बायडीच्या हातात दिली आणि म्हणाला, "हा भागीचा दात आहे. खरा. त्या दिवशी डॉक्टरांना दाखवला तो हिचा नव्हता, माझ्या हातून बदलला. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी बोललो नाही. माझी लाज जाईल म्हणून बोललो नाही."

सुपाचा आवाज थांबला.

"मंग मी केवड्याची व्हते?" भागीनं विचारलं.

"चौदा. चौदाच्या वर नाही."

"लगीन झालं तवा?"

"तेव्हाही चौदाच."

भागीनं आपल्या मुलीकडे बघितलं. ती पोर अंगणात लंगडी घालत होती. मग भागीनं सूप उचललं आणि ती घरात गेली. रामकिसनला वाटलं, ती बाहेर येईल, काहीतरी फेकून मारेल, निदान थुंकेल. ती आली नाही. पाड्यावरची दोन-चार माणसं कुडाजवळ येऊन उभी राहिली होती आणि त्यानं त्यांनाही तेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, शिक्क्यासकट.

बायडी फिल्म उन्हाला धरून बघत होती. तिला त्यात काय दिसत होतं कोण जाणे.

"बाय," रामकिसन म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. समुद्राकडच्या दिव्यांचं. मी सांगू दिलं नाही. आता सांगा."

बायडीनं सांगितलं. सांगताना एकदाही अडखळली नाही. समुद्राकडे तारापूरला ते मोठे दिवे पहिल्यांदा लागले आणि तिकडचं आभाळ उजळलं, तेव्हा सगळा पाडा बघायला टेकडीवर चढला होता. तिचं पोट पुढे होतं म्हणून ती खाली राहिली. नवं भात कांडायला घेतलं त्या दिवशी भागी झाली. आणि त्याच्या तीन वर्षं आधी, गोमाच्या वडावर वीज पडली त्या पावसात, लाडकी झाली होती.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दिवे कोणत्या साली लागले हे बोईसरच्या पोराटोरांना ठाऊक होतं. रामकिसन तर रोज त्याच बाजूनं जायचा-यायचा. एकोणसत्तर. बोटांवर मोजलं तरी चौदा येत होते. फिल्म लागत नव्हती, मशीन लागत नव्हतं, ती बाई दवाखान्यात ते सांगतच होती.

बायडीनं फिल्म त्याच्याकडे परत दिली नाही. लुगड्याच्या पदरात गुंडाळून तिनं गाठ मारली. मग रामकिसनकडे नाही, आणि आत गेलेल्या भागीकडेही नाही, तर अंगणापलीकडे, शेताच्या बांधाकडे बघत ती म्हणाली, "म्हंजे माझी लाडकी झालती."

"झाली होती, बाय," रामकिसन म्हणाला.